निकेल ॲल्युमिनाइड

निकेल ॲल्युमिनाइड हे निकेल आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंपासून बनणाऱ्या आंतरधातवीय संयुगांचे सामूहिक नाव आहे. सामान्य मिश्रधातूत एका धातूचे अणू दुसऱ्या धातूच्या स्फटिकात कोठेही विखुरलेले असू शकतात. आंतरधातवीय संयुगात मात्र प्रत्येक धातूच्या अणूची जागा ठरलेली असते आणि त्यांचे परस्परप्रमाणही साध्या पूर्णांकांच्या जवळ असते. या क्रमबद्ध रचनेमुळे निकेल ॲल्युमिनाइडांचे गुणधर्म शुद्ध निकेल व शुद्ध ॲल्युमिनियम या दोहोंपेक्षा पुष्कळ वेगळे असतात. ॲल्युमिनियम ६६०° से. तापमानाला आणि निकेल १,४५५° से. तापमानाला वितळते, परंतु या दोहोंचे समप्रमाणातील संयुग सुमारे १,६३८° से. तापमानाला, म्हणजे दोन्ही घटकांपेक्षा अधिक तापमानाला वितळते.

जेट एंजिनांतील व वीजनिर्मिती केंद्रांतील वायू टर्बाइनांची पाती, त्या पात्यांवरील संरक्षक लेप, उष्णतोपचाराच्या भट्ट्यांतील सुटे भाग आणि रासायनिक उद्योगातील रॅने निकेल हा उत्प्रेरक यांमध्ये या संयुगांचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष वापर होतो. ज्या अणुक्रमामुळे त्यांना उच्च तापमानातील बळकटी मिळते, तोच क्रम त्यांच्या ठिसूळपणालाही कारणीभूत असतो. या संयुगांवरील गेल्या काही दशकांतील बहुतेक संशोधन बळकटी टिकवून ठिसूळपणा कसा कमी करता येईल या एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहे.

प्रमुख संयुगे

निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या प्रावस्था-आकृतीत पाच संयुगे दाखवली जातात. त्यांपैकी चार अधिक महत्त्वाची आहेत. नावांतील साधर्म्यामुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी प्रत्येकातील अणूंचे प्रमाण लक्षात ठेवणे सोयीचे ठरते.

• निकेल ट्रायॲल्युमिनाइड : एका निकेल अणूमागे तीन ॲल्युमिनियम अणू. वजनाने निकेल सुमारे ४२ टक्के. सुमारे ८५४° से. तापमानाला त्याचे विघटन होऊन द्रव आणि पुढील संयुग तयार होते.

• डायनिकेल ट्रायॲल्युमिनाइड : दोन निकेल अणूंमागे तीन ॲल्युमिनियम अणू. वजनाने निकेल सुमारे ५९ टक्के. विघटनाचे तापमान सुमारे १,१३३° से.

• निकेल मोनोॲल्युमिनाइड : दोन्हींचे अणू समान. वजनाने निकेल सुमारे ६८.५ टक्के. विघटन न होता सुमारे १,६३८° से. तापमानाला वितळते.

• ट्रायनिकेल ॲल्युमिनाइड : तीन निकेल अणूंमागे एक ॲल्युमिनियम अणू. वजनाने निकेल सुमारे ८६.७ टक्के. वितळण्याचे तापमान सुमारे १,३९०° से.

पाचवे संयुग पाच निकेल अणूंमागे तीन ॲल्युमिनियम अणू या प्रमाणाचे असून ते केवळ सुमारे ७००° से. तापमानाखाली स्थिर असते.

पहिली दोन संयुगे ठिसूळ असून यंत्रभागांसाठी वापरली जात नाहीत. त्यांचे महत्त्व उत्प्रेरकाच्या निर्मितीत आणि लेपनात आहे. अभियांत्रिकीत ‘निकेल ॲल्युमिनाइड’ असे म्हटले जाते तेव्हा सामान्यतः शेवटची दोन संयुगे अभिप्रेत असतात. या लेखात त्यांना अनुक्रमे मोनोॲल्युमिनाइड आणि ट्रायनिकेल ॲल्युमिनाइड असे म्हटले आहे.

स्फटिकरचना

मोनोॲल्युमिनाइडची रचना सीझियम क्लोराइडच्या प्रकारची असते. एका घनाच्या आठ कोपऱ्यांवर एका धातूचे अणू आणि घनाच्या केंद्रस्थानी दुसऱ्या धातूचा अणू अशी तिची मांडणी आहे. त्यामुळे प्रत्येक निकेल अणूचे आठही निकटतम शेजारी ॲल्युमिनियमचे आणि प्रत्येक ॲल्युमिनियम अणूचे आठही निकटतम शेजारी निकेलचे असतात. या घनाची बाजू सुमारे ०.२८९ नॅनोमीटर आहे.

ट्रायनिकेल ॲल्युमिनाइडमध्ये घनाच्या कोपऱ्यांवर ॲल्युमिनियमचे अणू आणि सहाही फलकांच्या केंद्रस्थानी निकेलचे अणू असतात. प्रत्येक ॲल्युमिनियम अणूभोवती बारा निकेल अणू येतात आणि दोन ॲल्युमिनियम अणू कधीही निकटतम शेजारी नसतात. घनाची बाजू सुमारे ०.३५७ नॅनोमीटर असते. शुद्ध निकेलचा स्फटिकही फलककेंद्रित घन प्रकारचा असून त्याची बाजू याच्या अगदी जवळची, सुमारे ०.३५२ नॅनोमीटर आहे. या साम्यामुळे ट्रायनिकेल ॲल्युमिनाइडचे सूक्ष्म कण निकेलच्या स्फटिकात जवळजवळ सांधा न दिसता सामावू शकतात. पुढे वर्णन केलेल्या महामिश्रधातूंचा पाया या साम्यावरच उभा आहे.

मोनोॲल्युमिनाइड समप्रमाणापासून बरेच विचलन सहन करते. ॲल्युमिनियमचे प्रमाण कमी असेल तर ॲल्युमिनियमच्या मोकळ्या जागी निकेलचे अणू बसतात. ॲल्युमिनियम अधिक असेल तर मात्र त्याचे जादा अणू निकेलच्या जागी बसत नाहीत. त्याऐवजी निकेलच्या काही जागा रिकाम्या राहतात. ब्रॅडली आणि टेलर यांनी १९३७ मध्ये क्ष-किरण विवर्तन आणि घनतेचे मोजमाप यांची सांगड घालून हे दाखवून दिले. ॲल्युमिनियमचे प्रमाण निम्म्यापुढे नेल्यावर घनता अपेक्षेपेक्षा वेगाने घटते आणि जालकाचा आकारही लहान होतो. रिकाम्या जागा गृहीत धरल्याशिवाय या दोन्ही गोष्टींचा एकत्र उलगडा होत नाही.

इतिहास

निकेल-ॲल्युमिनियम संयुगांचा उद्योगातील पहिला मोठा वापर उत्प्रेरकासाठी झाला. अमेरिकी अभियंता मरे रॅने हा वनस्पती तेलांच्या हायड्रोजनीकरणासाठी उपयुक्त ठरेल अशा उत्प्रेरकाच्या शोधात होता. त्याने आधी निकेल व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूवर काम केले आणि त्यानंतर निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूपासून अधिक क्रियाशील उत्प्रेरक मिळवला. या दुसऱ्या पद्धतीचे एकस्व त्याला १९२७ मध्ये मिळाले.

१९४०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये जेट एंजिनांसाठी निमोनिक या नावाच्या मिश्रधातू विकसित झाल्या. निकेल-क्रोमियम मिश्रधातूत थोडे टिटॅनियम व ॲल्युमिनियम मिसळले असता तिचे उच्च तापमानातील बल पुष्कळ वाढते असे आढळले. स्फटिकात निर्माण होणारे ट्रायनिकेल ॲल्युमिनाइड प्रकारचे सूक्ष्म कण हे या बळकटीचे कारण होते.

१९५७ मध्ये वेस्टब्रुक यांनी या संयुगाचा काठिण्यांक तापमानानुसार मोजला. नेहमीच्या धातूंत तापमान वाढले की काठिण्य घटते. या संयुगात मात्र एका मर्यादेपर्यंत ते टिकून राहते आणि वाढतेही, असे त्यांना आढळले. या अपवादात्मक वर्तनामुळे केवळ याच संयुगाचे यंत्रभाग बनवता येतील काय, असा विचार पुढे आला. पण एकाहून अधिक स्फटिककण असलेले ट्रायनिकेल ॲल्युमिनाइड साध्या तापमानाला कणसीमांवरून तडकत असे. १९७९ मध्ये जपानमधील आओकी आणि इझुमी यांनी अत्यल्प बोरॉन मिसळून हा दोष दूर होतो असे दाखवले. त्यानंतर अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत सी. टी. लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शोधाच्या आधारे अभियांत्रिकी मिश्रधातूंची मालिका विकसित केली.

निर्मिती

निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या संयोगातून मोठी उष्णता बाहेर पडते. मोनोॲल्युमिनाइडचा एक मोल तयार होताना सुमारे ११८ किलोजूल उष्णता मुक्त होते. म्हणजे एका ग्रॅममागे सुमारे १.४ किलोजूल. ही उष्णता बाहेर निसटू न दिल्यास तयार होणारे संयुग स्वतःच्या वितळबिंदूपर्यंत तापू शकते. निर्मितीच्या बहुतेक पद्धतींत या उष्णतेला आवर घालावा लागतो किंवा तिचा उपयोग करून घ्यावा लागतो.

वितळण व ओतकाम

निकेल आणि ॲल्युमिनियम निर्वातात किंवा निष्क्रिय वायूत, प्रवर्तन भट्टीत किंवा विद्युत प्रज्योत भट्टीत एकत्र वितळवले जातात. वितळलेल्या निकेलमध्ये थंड ॲल्युमिनियम टाकल्यास तापमान एकाएकी उसळते, द्रव उडतो, मुशीची हानी होते आणि घटकांचे प्रमाण बिघडते. ओक रिज येथे विनोद सिक्का आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत ही अडचणच साधन म्हणून वापरली जाते. मुशीत धातूंचे तुकडे अशा क्रमाने रचले जातात की, ॲल्युमिनियम आणि निकेलचा काही भाग यांची अभिक्रिया आधी घडते. तिच्या उष्णतेने तयार झालेला अतितप्त द्रव खाली ठिबकत जाऊन उरलेले निकेल व इतर घटक वितळवतो. त्यामुळे भट्टीचा वेळ आणि ऊर्जा या दोहोंत लक्षणीय बचत होते.

स्वयंप्रसारी संश्लेषण

दोन्ही धातूंची चुर्णे योग्य प्रमाणात मिसळून दाबून त्यांची वडी करतात. वडीचे एक टोक तापलेल्या तारेने पेटवल्यावर अभिक्रियेची तप्त लाट वडीतून स्वतःच पुढे सरकते आणि काही सेकंदांत संपूर्ण वडीचे संयुगात रूपांतर होते. ज्वलनासाठी येथे हवेची गरज नसते. या प्रकारच्या संश्लेषणाचा पद्धतशीर अभ्यास १९६७ पासून सोव्हिएत संघातील चेर्नोगोलोव्का येथे मेर्झानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. वडी एका टोकाला न पेटवता संपूर्णपणे सारखी तापवली, तर ॲल्युमिनियमयुक्त द्रव प्रथम तयार होतो, म्हणजे सुमारे ६४०° से., त्या तापमानाच्या आसपास सर्व भागात अभिक्रिया एकदम भडकते. द्रव ॲल्युमिनियम केशाकर्षणाने निकेलच्या कणांभोवती पसरते आणि दोहोंचा संपर्क अचानक वाढतो, हे त्याचे कारण होय.

या पद्धतीचा मुख्य दोष सच्छिद्रता हा आहे. ॲल्युमिनियमचे कण वितळून निघून गेले की त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. शिवाय संयुगाचे आकारमान मूळ दोन धातूंच्या एकत्रित आकारमानापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. अभिक्रिया चालू असताना किंवा तिच्यानंतर लगेच दाब देऊन, अथवा उच्च तापमानाला चोहोबाजूंनी वायूचा दाब देऊन ही छिद्रे बुजवावी लागतात.

यांत्रिक मिश्रण व चूर्णधातुविज्ञान

उच्च ऊर्जेच्या गोळा-चक्कीत दोन्ही चुर्णे दीर्घकाळ दळली असता कणांचे सपाटीकरण, तुटणे आणि थंड अवस्थेतील सांधणे वारंवार घडते. कणांत दोन्ही धातूंचे अतिशय पातळ थर तयार होतात आणि पुढे बाहेरून न तापवताही संयुग निर्माण होते. काही परिस्थितींत चक्कीच्या भांड्यातच अभिक्रिया एकदम पेटते. या पद्धतीने मिळणारे स्फटिककण नॅनोमीटरच्या श्रेणीत असतात. दुसऱ्या मार्गात वितळलेल्या संयुगाच्या धारेवर निष्क्रिय वायूचा झोत सोडून गोलाकार कणांचे चूर्ण बनवतात आणि ते तापसंपीडनाने घन भागात रूपांतरित करतात.

विसरणाने लेपन

टर्बाइनच्या पात्यांवर मोनोॲल्युमिनाइडचा लेप देण्यासाठी पाते एका पेटीत भरलेल्या चुर्णात पुरून तापवले जाते. चुर्णात ॲल्युमिनियमचा स्रोत, अमोनियम क्लोराइडसारखे क्रियाकारक आणि ॲल्युमिनाचे भरणद्रव्य असते. तापल्यावर ॲल्युमिनियमचे बाष्पशील हॅलाइड तयार होते व ते पात्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम पोचवते. चुर्णातील ॲल्युमिनियमची क्रियाशीलता जास्त आणि तापमान कमी असेल तर ॲल्युमिनियम आत शिरून प्रथम डायनिकेल ट्रायॲल्युमिनाइड बनते व नंतरच्या उष्णतोपचारात त्याचे मोनोॲल्युमिनाइडमध्ये रूपांतर करतात. क्रियाशीलता कमी आणि तापमान जास्त असेल तर निकेल बाहेर येऊन थेट मोनोॲल्युमिनाइडचा थर वाढतो.

गुणधर्म

भौतिक गुणधर्म

मोनोॲल्युमिनाइडची घनता सुमारे ५.९ ग्रॅम प्रति घन सेंमी. आहे. निकेलवर आधारित महामिश्रधातूंच्या घनतेच्या ती सुमारे दोन-तृतीयांश भरते. वेगाने फिरणाऱ्या पात्यावरील केंद्रोत्सारी भार त्याच्या वजनावर अवलंबून असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो. त्याची उष्णतासंवाहकता दर मीटर दर केल्व्हिन ७० ते ८० वॉट असून ती महामिश्रधातूंच्या कित्येक पट आहे. त्यामुळे भागातील उष्णता एका जागी साचत नाही. ट्रायनिकेल ॲल्युमिनाइडची घनता सुमारे ७.५ ग्रॅम प्रति घन सेंमी. आहे. अतिशय कमी तापमानाला, सुमारे ४१ केल्व्हिनखाली, ते दुर्बल लोहचुंबकत्व दाखवते.

तापमानाबरोबर वाढणारे बल

ज्या प्रतिबलाला धातू कायमचा विरूप होऊ लागतो त्यास पराभव प्रतिबल म्हणतात. ट्रायनिकेल ॲल्युमिनाइडचे पराभव प्रतिबल साध्या तापमानापासून साधारणपणे ६००° ते ८००° से. पर्यंत वाढत जाते आणि त्यानंतर घटते. शिखराचे नेमके तापमान संयुगाच्या घटनेवर आणि स्फटिकाच्या दिशेवर अवलंबून असते.

धातूचे कायमचे विरूपण स्थानभ्रंश नावाच्या रेषीय दोषांच्या हालचालीने होते. क्रमबद्ध स्फटिकात एक स्थानभ्रंश सरकून गेला की त्याच्या मागे अणूंचे चुकीचे शेजार निर्माण होतात. दुसरा स्थानभ्रंश त्याच वाटेने आला की शेजार पुन्हा जुळतात. म्हणून या संयुगात स्थानभ्रंश जोडीने प्रवास करतात आणि दोहोंमध्ये बिघडलेल्या क्रमाची एक पट्टी राहते. नेहमीच्या सरकप्रतलापेक्षा घनाच्या फलकाला समांतर असलेल्या प्रतलावर या पट्टीची ऊर्जा कमी असते. तापमान वाढल्यावर स्थानभ्रंशाचे काही भाग पुरेशी औष्णिक ऊर्जा मिळून त्या दुसऱ्या प्रतलावर वळतात आणि तेथे अडकतात. कारण त्या प्रतलावर पुढे सरकणे कठीण असते. अशा अडकलेल्या रचनेला तिच्या संशोधकांवरून केअर-विल्सडॉर्फ कुलूप म्हणतात. तापमान जितके जास्त तितकी कुलपे अधिक, आणि म्हणून बलही अधिक. शिखराच्या पलीकडे मात्र दुसऱ्या प्रतलावरील सरकणेच सुलभ होते आणि बल उतरते.

मोनोॲल्युमिनाइडमध्ये असे शिखर आढळत नाही. त्याचा वितळबिंदू उच्च असला तरी मध्यम तापमानापुढे त्याचे बल झपाट्याने कमी होते आणि स्थिर भाराखाली ते हळूहळू ताणले जाते. या दोषाला विसर्पण म्हणतात.

ठिसूळपणा

दोन्ही संयुगे साध्या तापमानाला ठिसूळ असतात, पण त्यांच्या ठिसूळपणाची कारणे भिन्न आहेत.

मोनोॲल्युमिनाइडमध्ये दोष स्फटिकाच्या अंतर्गत रचनेतच आहे. अनेक स्फटिककणांनी बनलेला धातू न तुटता कोणत्याही दिशेने विरूप व्हायचा असेल, तर प्रत्येक कणाला सरकण्याचे किमान पाच स्वतंत्र मार्ग उपलब्ध असावे लागतात. मोनोॲल्युमिनाइडच्या स्फटिकात असे केवळ तीनच मार्ग सहज उपलब्ध असतात. परिणामी शेजारी कण परस्परांशी जुळवून घेऊ शकत नाहीत आणि तडे जातात. सुमारे ४००° से. तापमानाच्या आसपास अन्य प्रक्रिया कार्यान्वित होऊन हे संयुग ठिसूळ अवस्थेतून तन्य अवस्थेत येते.

ट्रायनिकेल ॲल्युमिनाइडमध्ये सरकण्याचे मार्ग पुरेसे आहेत आणि त्याचा एकस्फटिक साध्या तापमानालाही चांगला ताणला जातो. एकाहून अधिक कण असले की मात्र तडा कणसीमेवरून धावतो. कणसीमा मुळातच दुबळ्या असतात, असे दीर्घकाळ मानले जात होते. पुढील संशोधनात या तडकण्यामागे हवेतील आर्द्रतेचा मोठा वाटा असल्याचे दिसून आले. तड्याच्या टोकाशी उघडे पडलेले ॲल्युमिनियम पाण्याच्या बाष्पाशी अभिक्रिया करते आणि अणुरूप हायड्रोजन मुक्त करते. तो हायड्रोजन कणसीमेत शिरून तिला दुबळे करतो. बोरॉन न घातलेले हेच संयुग अतिउच्च निर्वातात किंवा कोरड्या ऑक्सिजनमध्ये ताणून पाहिल्यास ते पुष्कळ अधिक ताणले जाते.

यावरून बोरॉनच्या परिणामाचाही उलगडा होतो. बोरॉनचे अणू कणसीमांवर गोळा होतात, सीमांचे बंध बळकट करतात आणि हायड्रोजनचा तेथील प्रवास मंदावतात. वजनाने एक-दशांश टक्क्याहूनही कमी बोरॉन यासाठी पुरेसे असते आणि साध्या तापमानाला सुमारे ५० टक्क्यांपर्यंत ताण सहन करणारे नमुने मिळाले आहेत. मात्र यासाठी ॲल्युमिनियमचे अणुप्रमाण २५ टक्क्यांपेक्षा किंचित कमी असणे आवश्यक असते. ते पूर्ण २५ टक्के किंवा अधिक असल्यास बोरॉनचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. बोरॉन मोनोॲल्युमिनाइडला मात्र तन्य बनवू शकत नाही, कारण तेथील अडचण केवळ कणसीमेची नाही.

ऑक्सिडीभवनाला विरोध

या संयुगांतील ॲल्युमिनियम उच्च तापमानाला हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर ॲल्युमिनाचा पातळ, घट्ट व सावकाश वाढणारा थर तयार करते. हा थर ऑक्सिजनला आत जाण्यापासून रोखतो. मोनोॲल्युमिनाइडमध्ये ॲल्युमिनियमचा साठा मोठा असल्याने थर निघाला तरी तो पुन्हा निर्माण होतो. वारंवार तापणे व निवणे यांत थराची पकड टिकावी यासाठी झिर्कोनियम, हाफ्नियम किंवा इट्रियम अत्यल्प प्रमाणात मिसळतात. ट्रायनिकेल ॲल्युमिनाइडच्या काही मिश्रधातू ६००° ते ८५०° से. या टप्प्यात ऑक्सिजनमुळे ठिसूळ होतात; हा दोष सुमारे ८ टक्के क्रोमियम मिसळून आटोक्यात आणला जातो.

उपयोग

महामिश्रधातू

ट्रायनिकेल ॲल्युमिनाइडचा सर्वांत व्यापक उपयोग स्वतंत्र पदार्थ म्हणून नव्हे, तर महामिश्रधातूंचा घटक म्हणून होतो. आधुनिक एकस्फटिकी टर्बाइन पात्यांच्या आकारमानाचा सुमारे ६० ते ७० टक्के भाग या संयुगाच्या घनाकार कणांनी व्यापलेला असतो. साधारण अर्धा मायक्रोमीटर बाजू असलेले हे घन निकेलच्या मिश्रधातूच्या पातळ थरांत विटांच्या भिंतीप्रमाणे रचलेले असतात. येथे निकेलचा तन्य थर ठिसूळपणाची भरपाई करतो आणि संयुगाचे कण स्थानभ्रंशांना अडवतात. बळकटी व तन्यता यांतील तडजोडीचे आजवरचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणून या रचनेकडे पाहिले जाते.

संरक्षक लेप

ज्या ठिसूळपणामुळे मोनोॲल्युमिनाइडचे पाते बनवणे अवघड ठरते, तो पात्यावरील काही दशक मायक्रोमीटर जाडीच्या लेपात तितका बाधत नाही. भार पाते पेलते आणि लेप ऑक्सिडीभवन रोखतो. प्लॅटिनम मिसळलेला मोनोॲल्युमिनाइडचा लेप हा झिर्कोनियाच्या उष्णतारोधक थराखालील बंधक थर म्हणून वापरला जातो. निकेल व ॲल्युमिनियम यांचे संयुक्त चूर्ण उष्ण फवारणीने यंत्रभागांवर पसरवण्याची पद्धतही प्रचलित आहे. फवाऱ्यातच होणाऱ्या अभिक्रियेची उष्णता थर पृष्ठभागाला चिकटण्यास मदत करते.

भट्ट्यांचे भाग

ओक रिज येथे विकसित झालेल्या ट्रायनिकेल ॲल्युमिनाइडच्या ओतीव मिश्रधातूंत क्रोमियम, मॉलिब्डेनम, झिर्कोनियम आणि बोरॉन असतात. पोलादाच्या पत्र्यांना उष्णतोपचार देणाऱ्या भट्ट्यांतील रूळ आणि कार्बनीकरणाच्या भट्ट्यांतील तबके यांसाठी त्या वापरल्या गेल्या आहेत. कार्बनयुक्त वातावरणात ॲल्युमिनाचा थर कार्बनलाही रोखतो, हा त्यांचा विशेष लाभ होय.

रॅने निकेल

या उत्प्रेरकासाठी सामान्यतः निकेल व ॲल्युमिनियम समान वजनाने वितळवले जातात. ५० टक्के निकेल हे प्रमाण निकेल ट्रायॲल्युमिनाइडच्या ४२ टक्के आणि डायनिकेल ट्रायॲल्युमिनाइडच्या ५९ टक्के या प्रमाणांच्या मध्ये येते, म्हणून गोठलेल्या मिश्रधातूत मुख्यतः ही दोन संयुगे असतात. तिचे चूर्ण सोडियम हायड्रॉक्साइडच्या संहत विद्रावात टाकले की ॲल्युमिनियम विरघळून जाते, हायड्रोजन बाहेर पडतो आणि स्पंजासारखे सच्छिद्र निकेल मागे राहते. एका ग्रॅम उत्प्रेरकाचे अंतर्गत क्षेत्रफळ १०० चौरस मीटरपर्यंत असू शकते. मोनोॲल्युमिनाइड या अल्काला दाद देत नसल्याने मिश्रधातूत ते जास्त बनू न देणे हिताचे असते. ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल आणि बेंझीनपासून सायक्लोहेक्झेन बनवण्यासाठी, तसेच अनेक औषधी रसायनांच्या हायड्रोजनीकरणासाठी हा उत्प्रेरक वापरला जातो. कोरडा झाल्यास तो हवेत आपोआप पेटतो, म्हणून पाण्याखाली साठवावा लागतो.

अभिक्रियाशील बहुस्तरीय पत्रे

निकेल आणि ॲल्युमिनियम यांचे नॅनोमीटर जाडीचे शेकडो थर एकाआड एक रचून पातळ पत्रा बनवतात. त्याच्या टोकाला ठिणगी दिली की अभिक्रियेची लाट सेकंदाला अनेक मीटर वेगाने पसरते. दोन भागांमध्ये जस्तालाच्या थरांसह असा पत्रा ठेवून पेटवल्यास जस्ताल क्षणात वितळते व सांधा तयार होतो. उष्णता थोडा काळच टिकत असल्याने जवळच्या नाजूक भागांना इजा पोचत नाही.

मर्यादा

कमी वजन, उच्च वितळबिंदू आणि चांगली उष्णतासंवाहकता यांमुळे मोनोॲल्युमिनाइड महामिश्रधातूंची जागा घेईल अशी अपेक्षा १९८०च्या व १९९०च्या दशकांत होती. एकस्फटिक वाढवणे, हाफ्नियमसारखे घटक मिसळणे, क्रोमियम किंवा मॉलिब्डेनम यांचे तंतू त्यात वाढवणे असे अनेक उपाय योजले गेले. हाफ्नियमने विसर्पणाला विरोध वाढतो, पण तन्यता आणखी घटते. मृदू लोहासारखे वर्तन देणाऱ्या बदलांनी तन्यता वाढते, पण उच्च तापमानातील बल उतरते. दोन्ही गरजा एकाच वेळी पूर्ण करणारी घटना सापडली नसल्याने विमान एंजिनांच्या फिरत्या पात्यांसाठी हे संयुग मूळ पदार्थ म्हणून सर्रास वापरात आलेले नाही. आघात सहन न होणे, यंत्रणाची अडचण आणि जोडकामात तडे जाणे या व्यावहारिक मर्यादाही आहेत. थरावर थर वितळवून भाग बनवण्याच्या त्रिमितीय मुद्रणातही वेगाने निवताना तडे जातात. त्यामुळे खालचा थर आधीच तापवून ठेवावा लागतो.

या संयुगांवर घासकाम किंवा फवारणी करताना निकेलयुक्त सूक्ष्म धूळ निर्माण होते. निकेलमुळे त्वचेची ॲलर्जी होऊ शकते आणि त्याची धूळ श्वसनमार्गाला अपायकारक असते. म्हणून धूळ शोषून घेणारी व्यवस्था आणि मुखपट यांचा वापर आवश्यक मानला जातो. बारीक ॲल्युमिनियम चूर्ण ज्वालाग्राही असल्याने चुर्णे हाताळताना ठिणगी व आर्द्रता यांपासूनही दक्षता घ्यावी लागते.